बांधावरचा कुत्रा : जर्मन शेफर्ड आणि त्याला निवडणारी माणसे

जर्मन शेफर्ड या नावाने जगभर ओळखली जाणारी कुत्र्याची जात दिसायला आदिम वाटते. उभे कान, लांबट मुस्कट, झुपकेदार शेपूट आणि लांडग्याशी नाते सांगणारी चेहरेपट्टी पाहून हा प्राणी हजारो वर्षांपूर्वी रानातून थेट माणसाच्या दारात आला असावा, असा पाहणाऱ्याचा समज होतो. प्रत्यक्षात नोंदणीकृत जात म्हणून तिचे वय सव्वाशे वर्षांच्या थोडे पुढे आहे. १८५३ साली मुंबई आणि ठाण्याच्या दरम्यान आगगाडी धावू लागली, तेव्हा जर्मनीच्या निरनिराळ्या प्रांतांत मेंढपाळांचे कुत्रे होते, परंतु ज्याला आज जर्मन शेफर्ड म्हणतात तो कुत्रा नव्हता. एका घोडदळ अधिकाऱ्याने, त्याने स्थापलेल्या संस्थेने आणि त्या संस्थेच्या वंशावळीच्या नोंदवहीने तो १८९९ नंतर हेतुपूर्वक घडवला. त्यामुळे माणसे या कुत्र्यावर एवढा जीव का लावतात, या प्रश्नाचा विचार करताना त्याच्यात काय घातले गेले आणि माणसांनी त्याच्यात काय पाहिले, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. बहुतेक लोक जर्मन शेफर्डला निवडतात ते त्याच्या धाकासाठी आणि रूपासाठी. वर्ष-दोन वर्षांनी त्याच्यात गुंततात ते मात्र त्याच्या लक्ष देण्याच्या सवयीमुळे. या दोन्ही गुणांचे मूळ मेंढ्या राखण्याच्या एका विशिष्ट, आज जवळजवळ लोपलेल्या पद्धतीत सापडते, आणि प्रस्तुत ग्रंथाचे विवेचन म्हणूनच कुत्र्यापासून सुरू न होता शेतापासून सुरू होते.

मेंढपाळाचा कुत्रा म्हटले की एकच काम डोळ्यांसमोर येते, परंतु या कामाचे निदान तीन स्वतंत्र प्रकार आहेत. पहिला प्रकार राखणदाराचा. महाराष्ट्रातील धनगरांच्या वाड्याभोवती रात्री जागणारा कुत्रा याच प्रकारात मोडतो, लांडग्याला आणि चोराला अडवणे हे त्याचे काम असते आणि कळप वळवण्याचे काम धनगर स्वतः काठीने, हाकेने आणि शिट्टीने करतो. दुसरा प्रकार स्कॉटलंड व इंग्लंडच्या सीमेवरील डोंगराळ मुलखातला; तेथील बॉर्डर कॉली हा कुत्रा दूरवर पांगलेल्या मेंढ्यांना वळसा घालून, दबकत, नजरेच्या धाकाने एकत्र आणतो आणि धन्याकडे घेऊन येतो. तिसरा प्रकार मध्य युरोपातील सपाट, दाट लागवडीच्या प्रदेशातला आहे आणि जर्मन शेफर्ड त्यातूनच आला. तेथे शेते अरुंद पट्ट्यांची होती, त्यांना कुंपण नव्हते, आणि काही शे मेंढ्यांचा कळप कापणीनंतरच्या धसकटांत, पडीक तुकड्यांत किंवा रस्त्याच्या कडेच्या गवतात चरत असताना दोन्ही अंगांना राय, बीट किंवा क्लोव्हरचे उभे पीक असे. मेंढी पिकात शिरली तर नुकसानीची भरपाई मेंढपाळाच्या माथी येई. अशा ठिकाणी कुत्र्याने स्वतःच कुंपण व्हायचे असते. मेंढपाळ चराऊ तुकड्याची कड त्याला दाखवून देतो, आणि मग तो कुत्रा नांगराच्या तासावरून, म्हणजे दोन तुकड्यांना विभागणाऱ्या सरीवरून, तासन्‌तास येरझारा घालत राहतो. मेंढ्यांना आत चरू देतो, पण कड ओलांडू देत नाही. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेऱ्या चालवणाऱ्या मराठी मुलखाला या कामाचे मोल वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या कामाने कुत्र्याकडून ज्या गोष्टी मागितल्या, त्यांची यादी म्हणजेच पुढे या जातीचा स्वभाव ठरला. दिवसभर न थकता चालायचे म्हणून दुडकी चाल हवी; ज्यात एका बाजूचा पुढचा आणि दुसऱ्या बाजूचा मागचा पाय एकाच वेळी पडतो आणि शरीर कमीत कमी श्रमात लांब पल्ला कापते, ती ही चाल आजही या जातीचे परीक्षक सर्वांत आधी पाहतात. कळपाच्या पलीकडच्या अंगाला मेंढपाळाची नजर पोहोचत नाही, म्हणून तेथे कुत्र्याने हुकमाची वाट न पाहता निर्णय घ्यायचा. तरीही मधून मधून धन्याकडे पाहून त्याचा हेतू ओळखायचा, कारण कळप कधी पुढे न्यायचा हे धनीच ठरवतो. हट्टी मेंढीला आवरताना दात लावायची मुभा असते, पण मान, बरगड्यांची बाजू किंवा मांडी याच जागी, कातडी न फाडता, क्षणभर धरून लगेच सोडण्यापुरतीच. पकडीच्या बळाइतकाच सोडण्याचा संयमही येथे मोजला जातो. स्वतंत्र बुद्धी आणि आज्ञाधारकपणा, दरारा आणि आवर, हे एरवी एकमेकांना छेद देणारे गुण एकाच प्राण्यात वसावेत ही अपेक्षा विलक्षण होती, आणि शतकानुशतके ती पुरी करणाऱ्या कुत्र्यांची पैदास कोणतेही पुस्तक न वाचलेल्या मेंढपाळांनी केली होती, हे या जातीच्या इतिहासकारांनी पुरेशा ठळकपणे नोंदवलेले नाही.

प्रांताप्रांतांतील हे कुत्रे एकसारखे नव्हते. थ्युरिंगिया या मध्य जर्मन प्रदेशातील कुत्रे लहानखुरे, चपळ, काहीसे तापट, करड्या रंगाचे आणि उभ्या कानांचे होते, तर दक्षिणेकडील व्युर्टेम्बेर्गचे कुत्रे हाडापेराने मोठे, शांत आणि चालीला सरस होते. त्यांच्यातून एक राष्ट्रीय जात घडवण्याचा पहिला प्रयत्न १८९१ साली ‘फायलॅक्स’ या मंडळाने केला, पण कुत्रा कामासाठी जोपासायचा की रूपासाठी, या वादात ते मंडळ १८९४ मध्ये मोडले. हा वाद पुढेही मिटला नाही. या जातीचा सगळा इतिहास एका अर्थाने त्याच भांडणाचा विस्तार आहे.

माक्स फॉन श्टेफानित्स हे १८६४ साली ड्रेस्डेन येथे जन्मलेले घोडदळ अधिकारी. बर्लिनच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात काही काळ काम केल्यामुळे प्राण्याच्या हाडांची, सांध्यांची आणि गतीची शास्त्रीय जाण त्यांना आली होती, आणि लष्करी सरावांच्या निमित्ताने गावोगाव हिंडताना मेंढपाळांचे कुत्रे त्यांनी काम करताना पाहिले होते. ३ एप्रिल १८९९ रोजी कार्ल्सरुहे येथील कुत्र्यांच्या प्रदर्शनात त्यांनी हेक्टर लिंक्सऱ्हाइन नावाचा एक कुत्रा विकत घेतला, त्याचे नाव बदलून होरांड फॉन ग्राफ्राथ ठेवले, आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला सहकारी आर्टुर मायर यांच्यासह जर्मन शेफर्ड कुत्र्यांची संस्था स्थापन केली. संस्थेच्या वंशावळीच्या वहीत पहिला क्रमांक होरांडचा आहे. आज जगात जेथे जेथे शुद्ध वंशाचा जर्मन शेफर्ड आहे, तेथे त्याची वंशरेषा मागे नेत गेल्यास ती या एका कुत्र्यापाशी पोहोचते. कारण हवे ते गुण पक्के करण्यासाठी श्टेफानित्स यांनी होरांड, त्याचा भाऊ लुक्स आणि होरांडचा मुलगा हेक्टर फॉन श्वाबेन यांच्या संततीत वारंवार निकट प्रजनन केले. निकट प्रजनन म्हणजे जवळच्या रक्ताच्या नर-मादीचा संयोग. त्याने गुण लवकर स्थिरावतात, पण लपलेले दोषही तितक्याच वेगाने घर करतात. श्टेफानित्स यांना हे ठाऊक होते आणि दोष दिसू लागताच त्यांनी निराळ्या रक्ताचे, थेट कळपांवरचे कुत्रे आणून मिसळले. त्यांच्या लेखी उपयुक्तता हीच सौंदर्याची कसोटी होती, आणि १९२५ साली जातीचे कुत्रे फार उंच व चौकोनी होत चालल्याचे दिसल्यावर त्यांनी तुलनेने बुटक्या, लांब बांध्याच्या क्लोडो फॉन बॉक्सबेर्ग या कुत्र्याला सर्वोच्च किताब देऊन पैदाशीची दिशाच वळवली. एका परीक्षकाच्या एका निर्णयाने लाखो प्राण्यांचा बांधा बदलावा, ही गोष्ट कौतुकाची तितकीच धास्तीची आहे.

दरम्यान, ज्या कामासाठी हा कुत्रा घडला होता ते कामच संपत आले होते. ऑस्ट्रेलियातून स्वस्त लोकर येऊ लागली, खतांमुळे जमीन पडीक ठेवण्याची चाल मोडली, आणि जर्मनीतील मेंढ्यांचे कळप झपाट्याने घटले. श्टेफानित्स यांनी ही घसरण वेळीच ओळखून पोलीस आणि लष्कर यांच्याकडे मोर्चा वळवला. त्यासाठी बसवलेल्या चाचणीचे आजचे रूप तीन भागांचे आहे: अनोळखी माणसाच्या पावलांचा माग नाकाने काढणे, आज्ञापालन, आणि संरक्षण, म्हणजे जाड बाही घातलेल्या बनावट हल्लेखोराला अडवणे, गरज पडल्यास धरणे आणि हुकूम होताच तत्काळ सोडणे. बारकाईने पाहिल्यास ही चाचणी बांधावरच्या कामाचेच शहरी भाषांतर आहे. मेंढीच्या जागी माणूस आला, सरीच्या जागी कायदा आला, आणि पकड व सोड यांचा हिशेब तोच राहिला.

पहिल्या महायुद्धात हे कुत्रे निरोप्या, पहारेकरी आणि जखमींचे शोधक म्हणून आघाडीवर गेले. शोधक कुत्र्याच्या गळ्यात चामड्याची एक लहानशी कांडी लोंबत असे. जखमी पण जिवंत सैनिक सापडला की कुत्रा ती कांडी तोंडात धरून परत येई, आणि शुश्रूषापथक त्याच्यामागून जाई. विषारी वायूने अंध झालेल्या सैनिकांची संख्या वाढली, तेव्हा १९१६ साली ओल्डेनबुर्ग येथे डॉ. गेरहार्ड श्टालिंग यांच्या पुढाकाराने अंधांसाठी वाटाडे कुत्रे तयार करणारी जगातील पहिली शाळा उघडली. या कामाची वार्ता अमेरिकेत पोहोचवली ती स्वित्झर्लंडमध्ये राहून जर्मन शेफर्डची पैदास करणाऱ्या डोरोथी हॅरिसन यूस्टिस यांनी. १९२७ साली ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’मध्ये त्यांचा लेख आला, तो नॅशव्हिलच्या मॉरिस फ्रँक या अंध तरुणाला वाचून दाखवण्यात आला, पुढच्या वर्षी फ्रँक स्वित्झर्लंडला जाऊन बडी नावाच्या मादीसह परतले, आणि १९२९ मध्ये ‘द सीइंग आय’ ही संस्था उभी राहिली.

वाटाड्या कुत्र्याच्या शिक्षणातील सर्वांत अवघड भागाला शहाणा आज्ञाभंग म्हणता येईल: धनी पुढे चल म्हणत असला आणि समोरून मोटार येत असली, तर कुत्र्याने हुकूम मोडायचा. आज्ञा न पाळण्याची ही अक्कल कोणत्याही शाळेला शून्यातून शिकवता येत नाही. धन्याच्या नजरेआड, कळपाच्या पलीकडे, स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घेणाऱ्या पूर्वजांकडून ती वारशाने यावी लागते, आणि शाळा तिला फक्त वळण लावते. पुढे या कामात लॅब्राडोर जातीने मोठा वाटा उचलला, कारण तो नव्या धन्याशी लवकर जुळवून घेतो आणि त्याचे मन सहसा दुखावत नाही. जर्मन शेफर्डला माणूस बदललेला चालत नाही. संस्थेच्या सोयीने पाहता हा दोष ठरतो, पण एकाच घरात राहणाऱ्याला नेमका हाच गुण हवा असतो.

कीर्तीचा उरलेला भाग सिनेमाने दिला. सप्टेंबर १९१८ मध्ये लोरेन प्रांतातील युद्धभूमीवर ली डंकन या अमेरिकी सैनिकाला सापडलेले पिल्लू पुढे रिन टिन टिन या नावाने वॉर्नर ब्रदर्सच्या मूकपटांचा नायक झाले, आणि १९२० च्या दशकात अमेरिकेत या जातीची लाटच आली. युद्धामुळे जर्मन नावाचा तिटकारा निर्माण झाल्याने ब्रिटनमध्ये तिला अल्सेशियन म्हटले जाऊ लागले. भारतात, आणि म्हणून महाराष्ट्रात, ती याच नावाने रुजली आणि जुन्या पिढीच्या तोंडी अजून तेच नाव आहे. त्याच दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियाने या जातीच्या आयातीवर बंदी घातली, कारण हे कुत्रे डिंगो या रानकुत्र्यांशी संकर करून मेंढ्या फस्त करतील अशी तेथील मेंढपाळांना भीती वाटली. मेंढ्या राखण्यासाठीच जन्मलेल्या जातीवर मेंढ्यांच्या रक्षणासाठी घातलेली ही बंदी १९७० च्या दशकापर्यंत टिकली.

या जातीवरील प्रेमाचा विचार करताना तिच्याविषयीच्या भयाचा विचार टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. नाझी राजवटीने जर्मन शेफर्डला राष्ट्राचे प्रतीक केले, छळछावण्यांच्या पहाऱ्यावर त्याला उभे केले, आणि हिटलरच्या ब्लोंडी या कुत्रीची छायाचित्रे लोकांच्या मनात घट्ट बसली. खुद्द श्टेफानित्स १९३५ साली संस्थेच्या अध्यक्षपदावरून पायउतार झाले आणि पुढील वर्षी, संस्थेच्या स्थापनादिनीच, निवर्तले. नंतर बर्लिनच्या भिंतीलगतच्या पट्ट्यात हेच कुत्रे साखळीवर होते, आणि मे १९६३ मध्ये अमेरिकेतील बर्मिंगहॅम शहरात समान नागरी हक्कांसाठी निघालेल्या कृष्णवर्णीय मोर्चेकऱ्यांवर पोलिसांनी सोडलेले कुत्रेही याच जातीचे होते. दुसऱ्या बाजूला, दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये बॉम्बने कोसळलेल्या घरांखालून माणसे शोधून काढणाऱ्या जेट आणि इर्मा यांना १९४५ साली प्राण्यांच्या शौर्यासाठीचे डिकिन पदक मिळाले, तेही याच जातीचे. कुत्र्याच्या निष्ठेला नीतीचे भान नसते. पट्टा ज्याच्या हातात, त्याच्याकडे तो लक्ष देतो. जर्मन शेफर्डची थोरवी गाणाऱ्या लेखनात निष्ठा हा शब्द फार सैलपणे वापरला जातो, आणि तिच्या चांगल्या-वाईटाचा सारा भार माणसावर पडतो ही बाब त्यात झाकली जाते.

आता घरात येऊ. जर्मन शेफर्ड पाळणाऱ्यांना त्याच्याविषयी विचारले असता, देश कोणताही असो, काही निरीक्षणे ठरल्यासारखी पुढे येतात: तो माणसाच्या मागोमाग या खोलीतून त्या खोलीत जातो, दार आणि माणूस दोन्ही दिसतील अशा जागी बसतो, घरातले सगळे एका ठिकाणी जमले की सैलावतो, आणि फिरायला गेलेल्यांपैकी एकजण वेगळ्या वाटेला लागला की अस्वस्थ होतो. पाळणारे याला माया म्हणतात आणि त्यांचे चुकत नाही, परंतु तिचा आकार कळपाभोवती फिरणाऱ्या कुत्र्याने दिलेला आहे. आपल्याकडे कोणीतरी सतत, कंटाळा न करता, अर्थ लावत पाहत आहे, हा अनुभव माणसाला माणसाकडून क्वचितच मिळतो, आणि या जातीच्या आकर्षणाचे गमक बहुतांशी येथेच असावे. चावी उचलली की बाहेर जाणे, चष्मा काढला की झोप, आवाज चढला की भांडण, अशा घरातील खुणा हा कुत्रा इतक्या लवकर उकलतो की शिकवणारा बऱ्याचदा आपण काय शिकवले हेच विसरतो.

शिकण्याच्या या वेगाला मोजमापाचाही आधार आहे. मानसशास्त्रज्ञ स्टॅनली कोरेन यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या क्रमवारीत बॉर्डर कॉली आणि पूडल यांच्यानंतर जर्मन शेफर्डचे स्थान तिसरे होते. मात्र ती क्रमवारी आज्ञापालन-स्पर्धांच्या परीक्षकांच्या मतांवर बेतलेली होती, आणि आज्ञा लवकर उचलणे हा बुद्धीचा एकच पैलू आहे. त्याहून सावध करणारे संशोधन २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या वर्तनाची माहिती आणि त्यांपैकी दोन हजारांवर कुत्र्यांच्या जनुकांची तपासणी यांवरून असे दिसले की, एकेका कुत्र्याच्या वर्तनातील फरकांपैकी जेमतेम नऊ टक्के फरक जातीने स्पष्ट होतो. अमुक जातीचा म्हणजे अमुक स्वभावाचा, हे समीकरण त्यामुळे डळमळते. जात कल सांगते, हमी देत नाही. माणसाचे ऐकण्याची ओढ यांसारख्या मोजक्या गुणांत जातीचा प्रभाव तुलनेने अधिक आढळला, आणि मेंढपाळी जातींबाबत तर तो अपेक्षितच होता. पण रागीटपणा किंवा भित्रेपणा यांचा उलगडा एकट्या जातीवरून होत नाही. पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांचे असताना त्याला निरनिराळी माणसे, आवाज, जागा आणि प्राणी यांची भीती न वाटता ओळख होणे, ज्याला सामाजीकरण म्हणतात, त्याला येथे फार महत्त्व येते. परक्याशी हातचे राखून वागणे हा या जातीचा स्वीकृत स्वभाव आहे. परक्याला पाहून थरथरणे, मागे सरत भुंकणे किंवा घाबरून चावणे हा मात्र आंतरराष्ट्रीय मानकानुसार दोष आहे. फाटकावर आदळून भुंकणाऱ्या कुत्र्याला शूर म्हणणारे मालक बहुधा एका घाबरलेल्या प्राण्याचे कौतुक करत असतात.

रूपाचा वाटा नाकारण्यात अर्थ नाही. मानकानुसार नराची खांद्यापाशी उंची ६० ते ६५ सेंटिमीटर आणि वजन ३० ते ४० किलो, मादीची उंची ५५ ते ६० सेंटिमीटर आणि वजन २२ ते ३२ किलो असते. म्हणजे जरब बसेल एवढा मोठा, पण धावता येईल एवढा हलका. तांबूस किंवा पिवळसर अंगावर काळी झूल, पूर्ण काळा, अथवा करडा असे रंग असतात. लांडग्याचे रूप आणि घरच्याचे वळण यांचा हा मेळ माणसाच्या एका जुन्या इच्छेला हात घालतो. रान आपल्या बाजूने असावे, ही ती इच्छा. कुत्र्याला शिवी म्हणून वापरणाऱ्या आणि त्याच वेळी खंडोबाच्या व दत्ताच्या पायांशी त्याला जागा देणाऱ्या मराठी मनाला हे द्वैत परके नाही.

महाराष्ट्रात ही जात प्रथम बंगल्यांच्या फाटकांवर आणि पोलिसांच्या श्वानपथकांत दिसली. ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाचे कुत्र्यांचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र १९७० पासून चालते, तर लष्कराचे कुत्रे मेरठच्या केंद्रात तयार होतात, आणि दोन्हीकडे जर्मन शेफर्ड दीर्घकाळ मुख्य जातींपैकी एक राहिला. अलीकडे स्फोटके हुंगण्यासाठी लॅब्राडोर आणि धाडसी कारवायांसाठी बेल्जियन मॅलिनॉय यांना पसंती वाढली आहे; मॅलिनॉय अंगाने हलका असतो, उष्णता तुलनेने अधिक सोसतो आणि त्याचे सांधे दीर्घकाळ टिकतात. घरांत मात्र जर्मन शेफर्डची ओढ ओसरलेली नाही, आणि तिच्या आधारे एक स्वतंत्र बाजारभाषा तयार झाली आहे. पिल्ले विकणारे ‘डबल कोट’ आणि ‘डबल बोन’ असे शब्द सर्रास वापरतात. वस्तुतः या जातीच्या प्रत्येक कुत्र्याला दुहेरी आवरण असतेच, वर राठ केस आणि खाली दाट मऊ लव. बाजारात लांब केसांच्या पिल्लाला तेवढे ‘डबल कोट’ म्हणून चढा भाव लावतात. ‘डबल बोन’ या शब्दाला शरीरशास्त्रात काहीही अर्थ नाही. उन्हाळ्यात दया येऊन कुत्र्याचे केस पार भादरले जातात, तेही चुकीचे, कारण ते आवरण उन्हापासूनही काही प्रमाणात आडोसा देते. कोकणातली दमट हवा, विदर्भातला मे महिना, गोचिडांमुळे येणारा ताप आणि वर्षभर गळणारे केस यांची तयारी नसलेल्या घराने ही जात न घेतलेली बरी. आणि दिवसभर कोणी नसलेल्या सदनिकेत, साखळीला बांधलेल्या अवस्थेत, एका चाकोरीत येरझारा घालणारा कुत्रा हा बांधावरच्या कामाची नक्कल करत असतो, एवढेच की तेथे राखायला काही नसते.

प्रेमाने या जातीचे जे नुकसान केले, त्याची चर्चा या ग्रंथात सर्वांत विस्ताराने येते, आणि ते योग्यच आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रदर्शनाची शाखा आणि कामाची शाखा एकमेकींपासून इतक्या दुरावल्या की अननुभवी माणसाला त्या दोन जाती वाटाव्यात. पश्चिम जर्मनीत १९७० च्या दशकापासून मोजक्या लोकप्रिय नरांचा प्रभाव वाढला, आणि लांब पावलाच्या दुडक्या चालीचे कौतुक करता करता परीक्षकांनी मागच्या पायांचा बाक वाढवत नेला. पाठ मागे उतरती झाली, घोटे जमिनीकडे झुकले. याच काळात पूर्व जर्मनीत बंद सीमांआड वेगळी, जड हाडांची आणि सरळ पाठीची शाखा वाढत होती. २०१६ साली ब्रिटनमधील क्रफ्ट्स प्रदर्शनात जातीत अव्वल ठरलेल्या मादीची चाल दूरचित्रवाणीवर पाहून प्रेक्षकांनी संताप व्यक्त केला, तेव्हा हा वाद तज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर आला. चालीसाठी घडवलेली जात चालताना अवघडलेली दिसावी, याहून कठोर टीका कोणत्याही ग्रंथाला करता येणार नाही.

उतरती पाठ डोळ्यांना दिसते. बाकीचे आजार दिसत नाहीत. खुब्याच्या सांध्याचा विकार, ज्यात मांडीच्या हाडाचा गोल माथा खोबणीत नीट बसत नाही आणि सांधा हळूहळू झिजतो, हा त्यांतला सर्वांत परिचित. त्याच्या तपासणीसाठी जर्मन संस्थेने १९६६ पासून क्ष-किरण चित्रे घेऊन पैदाशीच्या कुत्र्यांना दाखला देण्याची पद्धत सुरू केली. विकार त्याने नाहीसा झाला नाही, कारण त्यात अनेक जनुकांचा आणि वाढीच्या काळातील आहार-व्यायामाचाही हात असतो, पण गंभीर रुग्ण टाळण्याचा मार्ग मिळाला. उतारवयात मागचे पाय हळूहळू लुळे पाडणारा मज्जारज्जूचा ऱ्हास, अन्न पचवणारे पाचकरस स्वादुपिंडात तयार न होण्याचा विकार, आणि खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडण्याची जीवघेणी अवस्था हेही या जातीत आढळतात. नऊ ते तेरा वर्षे हे तिचे सर्वसाधारण आयुष्य, आणि त्यातली अखेरची एक-दोन वर्षे तीस-पस्तीस किलोच्या प्राण्याला उचलून जिना उतरवण्यात जाऊ शकतात, ही गोष्ट पिल्लू आणताना कोणी कोणाला सांगत नाही.

पिल्लाची निवड हे प्रकरण बहुतेक पुस्तकांत आरंभी असते. येथे ते अखेरीस ठेवले आहे, कारण आधीचे सारे वाचल्यानंतर खरेदीदाराचे प्रश्न बदलतात. रंग, कानांची उभारी आणि वंशावळीतील परदेशी नावे यांच्याऐवजी तो पिल्लाच्या आईला प्रत्यक्ष पाहायला मागतो, ती परक्याला शांतपणे सामोरी जाते का हे बघतो, दोन्ही पालकांच्या खुब्यांची आणि कोपरांची क्ष-किरण चित्रे तपासतो, आणि जवळच पातेले पडल्याचा आवाज झाला तर दचकलेले पिल्लू किती वेळात पुन्हा कुतूहलाने पुढे येते, याकडे लक्ष देतो. आठवड्यातील सातही दिवस, पावसाळ्यातही, सकाळ-संध्याकाळ त्याला चालवण्याची आणि त्याच्या डोक्याला काम देण्याची जबाबदारी घरातील नेमके कोण घेणार, याची चर्चाही त्या प्रकरणात आहे, आणि ती पिल्लाच्या किमतीच्या चर्चेआधी येते.